उपग्रहाची वेळ चुकली तेव्हा

आता २६ जानेवारी २०१६ चा प्रसंग बघा. जीपीएसचा एसव्हीएन २३ हा जुना उपग्रह सेवेतून काढला, आणि इतर काही उपग्रह यूटीसीची दुरुस्ती सुमारे १३ मायक्रोसेकंदांनी चुकीची पाठवू लागले. स्थान बरोबर, वेळ चूक! कॅलिब्रेशन प्रयोगशाळेतला ऑसिलेटर क्षणाक्षणाला स्थिर राहतो तो स्वतःच्या क्वार्ट्झ किंवा रुबिडियममुळे. दिवसागणिक त्याला ताळ्यावर आणतो उपग्रह. ही चूक त्यानं दिवसभरात पचवली, तर वारंवारता दहा अब्जांत दीड भागानं सरकते. एरवीच्या शंभरपट! म्हणून मंडळी, नुसता ‘लॉक’चा दिवा बघून प्रमाणपत्रावर सही करायची नाही. शेजारी स्वतंत्र घड्याळ हवं, आणि रोजच्या तुलनेची नोंद हवी.