वाचाळता

गरजेपेक्षा जास्त, प्रसंग न पाहता व ऐकणाऱ्याचा विचार न करता बोलत राहण्याची सवय. पाल्हाळ, वटवट, टकळी लावणे, चऱ्हाट वळणे ही तिची बोलीतली रूपे. ‘नमनाला घडाभर तेल’ ही म्हण लांबलेल्या प्रस्तावनेसाठी वापरतात. स्वभावाने बोलक्या माणसाला वाचाळ म्हणत नाहीत. एखादी व्यक्ती अचानक, न थांबता, घाईघाईने बोलू लागली आणि तिची झोपही कमी झाली, तर ते उन्माद या मानसिक आजाराचे लक्षण असू शकते. अशा वेळी टोकण्याऐवजी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे.

वाचाळतेबाबत अहिल्यानगर जिल्ह्यातील विचार व आचार : प्रवरेकाठच्या नेवासे येथे शके 1212 (इ. स. 1290) मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. गीतेच्या सतराव्या अध्यायातील वाणीच्या तपावर भाष्य करताना ज्ञानेश्वर सांगतात, की कोणी विचारले तरच बोलावे, एरवी वेदांचे आवर्तन करावे किंवा नाम घ्यावे. झाडाला सोडलेल्या पाण्यावर वाटेतले गवतही जगते, तसे एकाशी बोललेले सर्वांच्या हिताचे व्हावे, असा त्यांचा दृष्टांत आहे.

वाणीच्या संयमाचे टोक याच जिल्ह्यात अरणगावजवळच्या मेहेराबाद येथे दिसले. आध्यात्मिक गुरू मेहेरबाबा (1894–1969) यांनी 10 जुलै 1925 रोजी मौन धरले आणि 31 जानेवारी 1969 रोजी देह ठेवीपर्यंत, म्हणजे साडेत्रेचाळीस वर्षे पाळले. आरंभी ते लिहून दाखवीत. 1927 पासून लाकडी फळीवरील इंग्रजी अक्षरांवर बोट फिरवून शब्द जुळवीत आणि जवळचे शिष्य ते मोठ्याने वाचीत. 1954 मध्ये फळीही सोडून ते केवळ हातांच्या खुणांवर आले. ‘गॉड स्पीक्स’ (प्रकाशन 1955) हा ग्रंथ त्यांनी त्याआधी अक्षरफळीवरूनच सांगितला होता. त्यांचे अनुयायी दरवर्षी 10 जुलैला मौन पाळतात.

मूल्यमापन : वाचाळता शब्दांच्या संख्येवरून ठरत नाही. गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्यांची ज्ञानेश्वरी वाचाळ नाही, कारण तिचा विस्तार सामान्य श्रोत्याला अर्थ उमगावा यासाठी आहे. उलट, ऐकणाऱ्याच्या हिताचे नसलेले एक वाक्यही वाचाळतेत जमा होते.