तीन-बावीसची वायर

जुन्या नाशकातले बरेच वाडे दर्शनी बाजूला अरुंद, आत मात्र लांबलचक. मीटर दारापाशी, न्हाणी पार मागे. अशा वाड्यांत वीज आली ती दिव्यांपुरती. सागवानी पट्टी, तिच्यावर पत्र्याच्या क्लिपांत धरलेली वायर, पुष्कळदा ३/२२ ची, म्हणजे २२ गेजच्या तीन तारांची. ६० वॉटचा दिवा घेणार पाव अँपिअर! आठ-दहा दिवे तिने सहज पेलले.

मग इस्त्री आली, शेगडी आली, गिझर आला. कित्येक घरांत वायर मात्र तीच. २००० वॉटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. न्हाणी १५ मीटरवर असली तरी हिशेब ३० मीटरचा, कारण विजेला परतही यायचे असते (वर्गात मुले हे हमखास विसरत). १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीत साडेचार व्होल्ट वाटेतच जातात आणि ४० वॉटची उष्णता लाकडाला लागून मुरत राहते. अडीचची वायर घातली, तर सोळाच वॉट.

त्यात फ्यूज उडाला की जाड तार गुंडाळायची, ही आपली खास रीत! फ्यूज असतो वायरीला वाचवायला. तो वितळेनासा झाला, की पाळी वायरीची.

१९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली; पुढे ३/२२ च्या जागी १ आणि ७/२२ च्या जागी अडीच चौरस मिलिमीटर आले. जुन्या वायरमनच्या तोंडी मात्र 'सात-बावीस'च राहिले. वाड्यात अजून राहणाऱ्या आमच्या नातलगांनो, निदान न्हाणीची वायर मीटरपासून स्वतंत्र ओढून घ्या.