छप्पन्नचा दुष्काळ आणि अडलेला काटा

१९०१ सालच्या जनगणनेत वऱ्हाडातल्या तेव्हाच्या वाशिम जिल्ह्यात ३,५३,४१० माणसे भरली. दहा वर्षांपूर्वीपेक्षा हा आकडा ११ टक्क्यांनी कमी होता. मधल्या काळात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ येऊन गेले. त्यातला दुसरा, संवत १९५६चा, छप्पन्नचा दुष्काळ म्हणून लोकांच्या तोंडी राहिला. १९०५ मध्ये तो जिल्हाच मोडला: वाशिम आणि मंगरूळ अकोल्याला जोडले, पुसद यवतमाळला. आजचा वाशिम जिल्हा १९९८चा. या जुन्या आकड्यांचा लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेशी काय संबंध, असे कोणीही विचारील. जठर लहान करून घेतलेल्या माणसाचे वजन काही महिने झरझर उतरते आणि मग काटा अडतो. खाणे तेच, चालणे तेच, पण आठवडेच्या आठवडे किलोभरही फरक पडत नाही. घरचे म्हणतात, चोरून खात असशील. हळूहळू त्या माणसालाही तसेच वाटू लागते. या अडण्याचा जाब सर्वांत आधी माणसाच्या निर्धाराला विचारणे चूक आहे, असे माझे म्हणणे आहे. उतरते वजन शरीराच्या लेखी दुष्काळच असतो, आणि दुष्काळात काय करायचे हे शरीराला पक्के ठाऊक असते.

वऱ्हाडातली गावे दुष्काळात तगत ती पेवाच्या जोरावर. जमिनीत खोल खड्डा खणायचा, आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची आणि तोंड मातीने बंद करून टाकायचे. धान्य वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे, कारण कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरून मरे. ओल लागलेली ज्वारी काळी पडे, तिला उग्र वास येई, तरी टंचाईत तिचीही भाकर होई. शरीरातली चरबी हे असेच पेव आहे. पण टंचाईत शहाणे घर पेव उपसण्याबरोबर खर्चही आवळते: भाकरीच्या जागी कण्या येतात, कण्यांच्या जागी पातळ आंबील. शरीरही खर्च आवळते, आणि वजन अडते ते तिथे.

याचा सर्वांत भक्कम पुरावा वऱ्हाडातला नाही, अमेरिकेतला आहे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरायला नकार देणारे हे तरुण स्वखुशीने आले होते. सहा महिने दिवसाला सुमारे १,५७० कॅलरी आणि आठवड्याला २२ मैल चालणे. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्शाने घटले, पण घट सुरुवातीला वेगाने झाली आणि शेवटी जवळजवळ थांबली. स्वस्थ पडल्या पडल्या शरीर जी ऊर्जा खर्चते, ती सुमारे ४० टक्क्यांनी उतरली होती. शरीरच लहान झाले म्हणून काही खर्च घटणारच होता. पण त्या हिशेबाने घटायला हवा होता त्याहूनही तो जास्त घटला. नाडी मंद झाली, आणि हे तरुण भर उन्हाळ्यात पांघरूण मागू लागले. पुन्हा पोटभर मिळू लागले तेव्हा चरबी आधी भरून आली, स्नायू मागाहून. या माणसांवर नजर होती, घास मोजून मिळत होता. तिथे सगळा दोष चोरून खाण्यावर टाकता येत नाही.

त्याच विद्यापीठात १९५४ मध्ये क्रेमेन आणि लिनर यांनी वजनासाठी आतडे वळवण्याची पहिली शस्त्रक्रिया नोंदवली. १९६६ मध्ये आयोवात एडवर्ड मेसन यांनी जठराचा बायपास सुरू केला. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन पुढे वाढत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. पुढे कळले की शस्त्रक्रियेने नुसती पिशवी लहान होत नाही. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ मध्ये सापडले. ते मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होते, तो भाग ‘स्लीव्ह’ या दुसऱ्या प्रकारच्या शस्त्रक्रियेत काढून टाकला जातो. अशा बदलांमुळे शरीर एरवी सोसणार नाही इतके खालचे वजन सोसते. पण त्यालाही तळ असतो. अशा शस्त्रक्रियांवरच्या, १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनच्या अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली होती. म्हणजे अडणे आणि थोडे परत येणे हीच सर्वसाधारण वाट आहे. शरीर असे झुंजते तर शस्त्रक्रिया कशाला, याचे उत्तरही त्याच अभ्यासात आहे: शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूंचे प्रमाण न झालेल्यांपेक्षा कमी राहिले.

जाणकार वाचक इथे हरकत घेईल की सव्वाशे वर्षांत जनुके बदलत नाहीत. छप्पन्नच्या दुष्काळाचा दाखला कशाला? हरकत रास्त आहे. जेम्स नील यांनी १९६२ मध्ये काटकसरी जनुकाची कल्पना मांडली, तिच्यावर वाद आजही चालू आहे, आणि माझा मुद्दा तिच्यावर उभा नाही. मिनेसोटाचे तरुण दुष्काळग्रस्तांचे वंशज म्हणून निवडलेले नव्हते. वजनाची ही राखण सर्वच माणसांत आहे. मात्र भूक आईकडून मुलाकडे जायला जनुके बदलावी लागत नाहीत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू रोडावलेले होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कोरडवाहू वऱ्हाडातल्या आयांनीही अशी अर्धपोटी बाळंतपणे पिढ्यान् पिढ्या काढली आहेत.

दुसरी हरकत अशी की मग खाण्यावर बोटच ठेवायचे नाही का? ठेवायचे. गोड चहा, सरबत, चिमूटचिमूट शेव हे लहान पोटातूनही सहज उतरते, आणि काटा अडला की ते तपासलेच पाहिजे. पण तपासणे निराळे आणि दोष देणे निराळे. दोष दिला की माणूस उपाशी राहू लागतो. आपल्याकडे त्याला उपासाची सोयही तयार आहे: एकादशीला श्रावणी सोमवार जोडायचा, आणि ताटात साबुदाणा. साबुदाण्यात जवळजवळ नुसते पिष्ट, प्रथिने नावालाच. स्नायू आणखी झिजतात, शरीराचा खर्च आणखी आवळतो, आणि काटा होता तिथेच राहतो.

वाशिमचा खरीप आज सोयाबीनने व्यापला आहे, ज्वारी मागे पडली, रेशनवर गहू-तांदूळ येतो. सोयाबीनमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, पण ते शेतातून बाजार समितीत आणि तिथून तेलाच्या कारखान्यात जाते. पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. इतके प्रथिन पिकवणाऱ्या जिल्ह्यात ताट पोळी-भाताचेच राहावे, याचे मला वाईट वाटते. शस्त्रक्रिया झालेल्याला दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात, आणि लहान पोटात ती बसवायची तर घट्ट वरण, दही, अंडी, सोयाबीन आधी खावे लागते, पोळी नंतर. जोडीला वजन उचलण्याचा व्यायाम हवा, आणि बी-१२ व लोहाची तपासणी. पहिल्या महिन्यातले अडणे बहुधा पाण्याच्या हिशेबाचे असते, ते आपोआप सुटते. वर्ष-दीड वर्षानंतरचे अडणे हा शरीराचा नवा मुक्काम असतो. दोन्हींतला फरक सांगणारे माणूस जवळ हवे. शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होवो, पण पुढची पाच-दहा वर्षे वजनाबरोबर कमरेचा घेर मोजणे, रक्त तपासणे आणि जेवणाची चौकशी करणे जिल्ह्यातल्या रिसोड-मानोऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात व्हायला हवे.