गाठीला हात लावण्यापूर्वी : एका उपचाराचा इतिहास

१/६ 🧵 १९११ साली लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाची कोनशिला बसली. तो तडीस नेणाऱ्या सर दोराबजींच्या विश्वस्तनिधीतून १९४१ मध्ये परळचे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. धरणांच्या सान्निध्यात राहणारा मावळ जाणतो की, साठलेल्या पाण्यापेक्षा एकदम सुटलेल्या पाण्याचे भय अधिक. परळला ज्यावर उपचार होतात अशा एका दुर्मीळ अर्बुदाची कथाही तशीच आहे.

२/६ न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणजे संप्रेरके स्रवू शकणाऱ्या पेशींची गाठ. १९०७ मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ झिगफ्रीड ओबर्नडोर्फर यांनी आतड्यातील अशा गाठींना ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगसदृश, हे नाव दिले. त्या निरुपद्रवी असाव्यात, हे आपले मत त्यांनी १९२९ मध्ये स्वतःच दुरुस्त केले.

३/६ काही रुग्णांवर खरा घाला उपचारांच्या वेळीच पडे. भूल देताना किंवा गाठीला हात लागताच सेरोटोनिनसारखी द्रव्ये रक्तात उसळत. चेहरा लालबुंद होई, श्वासनलिका आवळत, रक्तदाब कोसळे. हाच ‘कार्सिनॉइड क्रायसिस’. एरवी प्राण वाचवणारे अॅड्रेनलिन गाठीला अधिकच चेतवील, अशी धास्ती वैद्यांना असे.

४/६ १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात रॉजर गिलेमिन यांच्या प्रयोगशाळेने सोमॅटोस्टॅटिन हे स्राव रोखणारे संप्रेरक शोधले. परंतु ते रक्तात काही मिनिटेच टिके. १९८२ मध्ये बाझेलच्या सँडोझ कंपनीतील संशोधकांनी त्याचे टिकाऊ रूप, ऑक्ट्रिओटाइड, जगापुढे आणले. १९८५ मध्ये अमेरिकेतील लॅरी क्वोल्स व सहकाऱ्यांनी अशा औषधाने हे संकट झपाट्याने ओसरल्याची नोंद प्रसिद्ध केली.

५/६ पुढे याच संप्रेरकाच्या धाग्याने किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ थेट गाठीपर्यंत नेणे शक्य झाले. तुर्भ्याच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत ते तयार होते. भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ मध्ये परळला स्थापन केलेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हे उपचार दिले जातात. क्वचित याही उपचारात संप्रेरके एकदम सुटून तेच संकट ओढवते.

६/६ ऑक्ट्रिओटाइड आधी दिले तरी धोका पुरता टळत नाही. म्हणून रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वी, अगदी दात काढण्यापूर्वीही, आपल्या गाठीविषयी डॉक्टरांना आवर्जून सांगावे. भूलतज्ज्ञाला ते आधी कळले, तर औषध हाताशी असते. ही साधी खबरदारी अनेक दशकांच्या अनुभवातून आली आहे.