बूटलोडरचे ते दोन-चार सेकंद

लिंक्सिसचा निळा-काळा डब्ल्यूआरटी५४जी राउटर आठवतोय? दोन अँटेना असलेला? २००२ च्या शेवटी आला. आत लिनक्स होतं, पण जीपीएल लायसन्सप्रमाणे द्यायला हवा तो सोर्स कोड दिलेला नव्हता. जून २००३ मध्ये लिनक्स कर्नलच्या मेलिंग लिस्टवर हा विषय निघाला. लिंक्सिस तोवर सिस्कोच्या ताब्यात गेली होती. बरीच ओरड झाली आणि मग कोड बाहेर आला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं.

पण मंडळी, कोड हातात आला म्हणजे राउटर हातात आला असं नाही. तो आत घालायचा कसा?

पॉवर दिली की प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावरची सूचना वाचतो. तिथे असते फ्लॅश मेमरी. रॅम अजून वापरायच्या लायकीची नसते, तिचा कंट्रोलर आधी जागा करावा लागतो. हे काम बूटलोडरचं. या राउटरच्या बहुतेक आवृत्त्यांत तो म्हणजे ब्रॉडकॉमचा सीएफई. तो फर्मवेअरचा चेकसम तपासतो, दाबून भरलेला कर्नल रॅममध्ये उलगडतो आणि बाजूला होतो. मग कर्नल रूट फाइल सिस्टिम जोडतो आणि 'इनिट' ही पहिली प्रोसेस सुरू करतो. सगळा संसार ४ एमबी फ्लॅश आणि १६ एमबी रॅममध्ये!

गंमत आहे सीएफईच्या 'बूट_वेट' या सेटिंगमध्ये. ते चालू असेल तर कर्नलकडे जाण्याआधी तो काही सेकंद थांबतो. तेवढ्यात १९२.१६८.१.१ वर टीएफटीपीने नवं फर्मवेअर ढकलायचं. म्हणजे आतलं लिनक्स पार बिघडलं तरी राउटर वाचवता येतो. पण बऱ्याच राउटरवर ते बंद असायचं. ते चालू करायला लोकांनी काय वापरलं? राउटरच्याच वेब पानावरची पिंगची चौकट! तिथे टाइप केलेलं न तपासता थेट शेलकडे जायचं. (इनपुट तपासा म्हणून आपण कोड रिव्ह्यूत कंठशोष करतो ना, तेच. इथे मात्र त्या ढिसाळपणाने लोकांचं भलं केलं.)

२००५ मध्ये पाचवी आवृत्ती आली: लिनक्स जाऊन व्हीएक्सवर्क्स, फ्लॅश २ एमबी, रॅम ८. ज्यांना लिनक्सच हवं त्यांच्यासाठी जुन्या हार्डवेअरचा 'जीएल' वेगळा काढला. तरी पठ्ठे थांबले नाहीत. २००६ मध्ये त्यांनी पाचव्या आवृत्तीचा बूटलोडरच बदलला आणि त्या २ एमबीत डीडी-डब्ल्यूआरटीची 'मायक्रो' आवृत्ती बसवली.