पदबंध (इंग्रजी साहित्यवाक्यांतील)

वाक्यात एकच कार्य करणारा, पण कर्ता व कालदर्शक क्रियापद यांची जोडी नसलेला शब्दसमूह. शालेय व्याकरणात यास ‘फ्रेज’ म्हणतात. ती जोडी असल्यास तो समूह उपवाक्य ठरतो.

प्रकार : मुख्य शब्दावरून नाम, क्रियापद, विशेषण व क्रियाविशेषण पदबंध होतात. ‘इन’, ‘ऑफ’, ‘फ्रॉम’ यांसारख्या शब्दांनी सुरू होणारा तो प्रेपोझिशनल पदबंध. धातूपासून साधलेल्या रूपांचे जेरंड, पार्टिसिपल व इन्फिनिटिव्ह हे तीन प्रकार आहेत. निरपेक्ष पदबंधात नाम आणि धातुसाधित एकत्र येऊन संपूर्ण वाक्याला जोडलेले असतात, उदा., ‘हिज हँड्स ट्रेम्ब्लिंग, ही ओपन्ड द डोअर’ यातील पहिले तीन शब्द. कथा-कादंबऱ्यांत हा प्रकार विशेष आढळतो.

ओळख : केवळ रूपावरून प्रकार ठरवणे फसवे असते. ‘रीडिंग द लेटर टुक अ‍ॅन अवर’ या वाक्यात पहिले तीन शब्द कर्त्याच्या जागी आहेत, म्हणून तो जेरंड पदबंध. ‘रीडिंग द लेटर, शी स्माइल्ड’ येथे तेच शब्द ‘शी’विषयी सांगतात, म्हणून तो पार्टिसिपल पदबंध. तसेच ‘द लेटर फ्रॉम लंडन’ यात ‘फ्रॉम लंडन’ हे नामाचे विशेषण आहे, तर ‘शी रोट फ्रॉम लंडन’ यात क्रियाविशेषण. नामपदबंध पारखण्यासाठी संपूर्ण समूहाच्या जागी सर्वनाम घालून पाहतात; वाक्य टिकले, तर समूहाची हद्द बरोबर धरली आहे. अशा घटकविश्लेषणाला लेनर्ड ब्लूमफील्ड (१९३३) आणि नोम चॉम्स्की (१९५७) यांच्या ग्रंथांनी शास्त्रीय बैठक दिली.

साहित्यातील उपयोग : मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’चा (१६६७) आरंभ प्रेपोझिशनल पदबंधाने होतो आणि मुख्य क्रियापद थेट सहाव्या ओळीत येते. तोवर वाचकाला महाकाव्याचा सारा विषय मनात धरून ठेवावा लागतो. डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’ (१८५२–५३) या कादंबरीच्या सुरुवातीच्या वर्णनात मुख्य वाक्यांना कालदर्शक क्रियापद जवळजवळ नाहीच; नाम व पार्टिसिपल पदबंधांच्या रांगेतून धुक्याने कोंडलेले लंडन उभे राहते. म्हणून लांब साहित्यवाक्य उलगडताना आधी मुख्य क्रियापद शोधावे, मग त्याचा कर्ता, आणि नंतर प्रत्येक पदबंध कोणत्या शब्दाला जोडलेला आहे ते पाहावे. या क्रमाने वाचल्यास प्रकार ओळखता येतोच, शिवाय लेखकाने तो पदबंध नेमका त्या जागी का ठेवला, हेही कळते.