मद्रासचे होन

चेन्नईच्या जुन्या वस्तीतून उत्तरेकडे जाणाऱ्या एका लांबलचक रस्त्याला तमिळ लोक ‘तंगसालै’ म्हणतात. तंगम् म्हणजे सोने. तंगसालै म्हणजे टांकसाळ. १८६९ साली ती टांकसाळ बंद झाली, नाव मात्र रस्त्याला चिकटून राहिले.

मद्रासच्या टांकसाळीतील मुख्य नाणे होन. कन्नड ‘होन्नु’ म्हणजे सोने, त्यावरून मराठीत होन झाला. तमिळ मुलखात तोच वराहन्, आणि इंग्रजांच्या तोंडी पॅगोडा. १६३९ साली दामर्ल नायकांनी इंग्रज कंपनीला किनाऱ्यावरची जागा दिली, तेव्हा नाणी पाडण्याचा हक्कही दिला. परंतु कंपनीने आपल्या राजाचा मुखवटा होनावर उमटविला नाही. तिने विष्णूची मूर्ती घेतली. तिला कापड विकत घ्यायचे होते, आणि विणकराने नाणे हाती धरले नाही तर सोने असूनही ते कुचकामाचे! १७४० च्या सुमारास या होनाच्या मागील बाजूस तारा आला. पुढची मूर्ती कायम राहिली.

याच दक्षिणेत दुसराही एक होन जन्मला होता. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि शिवछत्रपतींनी होन पाडले. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’, अक्षरे नागरी. ना देवमूर्ती, ना पातशहाचे नाव. तीनच वर्षांनी, १६७७ मध्ये, महाराज कर्नाटकच्या मोहिमेत मद्रासच्या आसपास पोचले. इंग्रजांकडे त्यांनी काही औषधे व विषावरील उतारे मागविले. कौन्सिलने ते किंमत न घेता पाठवून दिले. एक सत्ता आपल्या नावाचे नाणे पाडीत होती, दुसरी अजून नाव लपवून व्यापार करीत होती. हे दोन होन शेजारी ठेवून पाहिल्यास तो काळ जितका स्पष्ट दिसतो, तितका क्वचितच एखाद्या बखरीतून दिसेल.

रुपयाच्या बाबतीत तर नाणेसंग्राहक हटकून फसतो. मद्रासला पाडलेल्या अर्काटी रुपयावर दुसऱ्या आलमगीर पातशहाचे नाव, हिजरी सन ११७२ आणि जुलूस ६ असते. हा पातशहा १७५९ साली मारला गेला. तरीही कंपनी तेच नाव व तोच सन पुढे कित्येक दशके ठोकीत राहिली, कारण सराफाच्या ओळखीची छाप बदलली की बट्टा आलाच. तेव्हा नाण्यावरचा सन म्हणजे नाण्याचे वय नव्हे. ते ठरवावे लागते कडेच्या घडणीवरून, यंत्राच्या ठशावरून, अक्षरांच्या वळणावरून. टांकसाळ कोणती, हे बारीक खुणा सांगतात: मद्रासचे कमळ, पाँडिचेरीच्या फ्रेंचांची चंद्रकोर. नाणे ज्या मडक्यात सापडले त्याची जागा आणि सोबतची इतर नाणीही कळली, तर निम्मे काम झालेच म्हणायचे. हौशी माणूस नाणे आधी घासून लखलखीत करतो आणि पुरावाच पुसून टाकतो.

हिशेबाची पद्धतही मुलखावेगळी होती. ८० कॅशचा एक फनम, ४२ फनमांचा एक होन. म्हणजे एका होनाच्या मोडीस ३,३६० कॅश. तांब्याची काही नाणी विलायतेत पाडून जहाजाने आणीत. ‘ॲडमिरल गार्डनर’ हे तसलेच एक जहाज १८०९ साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच बुडाले. मद्रासच्या बाजारासाठी निघालेली त्यातली १८०८ ची नाणी विसाव्या शतकात पाणबुड्यांनी वर काढली.

त्याच सुमारास मद्रासला यंत्रावर पाडलेले होन निघाले. त्यांच्या एका बाजूस ताऱ्यांनी वेढलेले गोपुर, भोवती इंग्रजी व फारसी. दुसऱ्या बाजूस विष्णू, भोवती तमिळ व तेलुगू. नागरीला तेथे जागा मिळाली नाही. आता कंपनीजवळ मुलूख होता, फौज होती, तरी मूर्ती काढण्याचे धाडस झाले नव्हते. १८१८ साली होनाचा हिशेब संपला. शंभर होनांस साडेतीनशे रुपये असा दर ठरला. पुढे १८३५ साली हिंदुस्थानभर एकच रुपया आला, त्यावर चौथ्या विल्यम राजाचा मुखवटा होता, आणि तो घेण्यास कोणी नकार देईल ही भीती कंपनीला उरली नव्हती.